काकूंना दिलेली सूट

५ जानेवारी

धाकटे,

आशीर्वाद पोचले असं समज आणि आधी बोलणी खा. दादाच्या वाढदिवसाला तू "बरं वहिनी, ठेवते" म्हणून फोन ठेवलास, तो अजून ठेवलेलाच आहे. नणंद प्राध्यापक झाली की भावजयीने पत्रच लिहावं लागतं, असं दिसतंय. कागद पाठकोरा आहे. मागे आपल्या इमारतीची जुनी नोटीस आहे. ती वाचलीस तर टाकीचं झाकण नीट लावा एवढंच ज्ञान मिळेल.

मागे तू विचारलं होतंस, तुमच्या इमारतीत माणसं अजून एकमेकांना धरून आहेत का. माणूस समाजात परका का होतो यावर तू काहीतरी लिहिते आहेस म्हणून. तर तुला आवडेल अशी एक गोष्ट घडली आहे.

आपल्याकडे जिना झाडायची पाळी असायची ते तुला आठवत असेल. घरटी एक आठवडा. आठवडा संपला की लांब दांड्याचा झाडू शेजारच्या दाराला टेकवून ठेवायचा. बोलायचं काही नाही, सकाळी दार उघडलं की झाडूच सांगायचा. हल्ली ते मोडलं होतं. तिसऱ्या मजल्यावरची नर्सबाई ड्युटीवरून येते ती भिंत धरून. गॅरेजवाल्यांची मोलकरीण त्यांच्या दारापुढचं तेवढं झाडते. नवीन लग्न झालेलं जोडपं तर झाडूला वळसा घालून कामावर पळतं. मग आपल्या घरी बैठक झाली. अध्यक्ष म्हणजे आपले टपालखात्यातून निवृत्त झालेले टपालवाले. ते म्हणाले, साफसफाईची कंपनी लावू, सगळ्यांनी वर्गणी काढायची. हिशेब माझ्याकडे असल्यामुळे मीच आकडे मांडले. सगळ्यांना पटलं.

प्रश्न राहिला तळमजल्यावरच्या काजवाल्या काकूंचा. आपल्या सगळ्यांची लग्नं व्हायच्या आधीपासून त्या तिथल्या एका खोलीत राहतात, शिंप्यांना हाताने बटणांची काजं करून देतात. आता काजं मशीनवर होतात. कोट शिवणारा एकच शिंपी त्यांच्याकडे येतो. त्यांना वर्गणी कुठून झेपणार? मी उभी राहिले आणि म्हटलं, "काकूंना सूट द्यावी. माझं ऑपरेशन झालं तेव्हा माझीही पाळी त्यांनीच केली होती, तीसुद्धा न सांगता." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गॅरेजवाले कधी टाळ्या वाजवत नाहीत, त्यांनीही वाजवल्या.

काकू तेव्हा कोट पोचवायला गेल्या होत्या. संध्याकाळी मीच जाऊन सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि दार लोटलं. गहिवरल्या असतील. त्या दिवशी देवापुढे बसले तेव्हा, खोटं कशाला सांगू, मान जरा ताठच होती.

दादा बरा आहे. स्वेटर घालत जा.

वहिनी


१९ जानेवारी

प्रिय वहिनी,

फोन ठेवला तो ठेवलाच, गुन्हा कबूल. स्वेटर घातला आहे. नमस्कार दोघांना.

तुझं पत्र मी वर्गात जाता जाता वाचलं आणि जिन्यातच थांबून पुन्हा वाचलं. तुला कल्पना नाही तू मला काय पाठवलं आहेस. मी वर्षभर ज्या प्रश्नाशी झटते आहे तो असा. आजचा माणूस म्हणतो, मी माझा आहे, माझं मत माझं, माझं काम माझं. आणि त्याच वेळी त्याला हजार अनोळखी माणसांच्या भरवशावर जगावं लागतं. मग हा समाज त्याला आपला कसा वाटावा? माझं म्हणणं, दोन गोष्टी हव्यात. एक, समाज खरोखरच तसा असायला हवा की त्यात प्रत्येकाला जागा आहे. दुसरी, तो तसा आहे हे माणसाला दिसायला हवं. दोन्ही जमलं तर माणूस समाजात घरी असल्यासारखा राहतो. एकच जमलं तर ते नुसतं समजूत घालणं.

पुस्तकं वाचून मी हे सांगते आणि मुलं जांभया देतात. तू बैठकीत उभी राहून करून दाखवलंस! जुनी पाळी गेली, रडत बसला नाहीत. नव्या पद्धतीने करार केलात आणि ज्याला करार झेपत नाही त्याला बाहेर टाकलं नाहीत. रविवारच्या पुरवणीसाठी माझ्याकडे लेख मागितला आहे. हे उदाहरण घेऊ ना? कुणाचं नाव घालणार नाही.

माझ्या इमारतीचं विचारशील तर शेजारच्या दारावर पाटी आहे, ती वाचायला मी कधी थांबले नाही. देखभालीचे पैसे खात्यातून परस्पर जातात. मला ते सोयीचं वाटतं.

तुझी,
धाकटी


११ मार्च

धाकटे,

तुझा लेख आला! टपालवाल्यांनी सकाळीच पुरवणी वर आणून दिली आणि म्हणाले, "वहिनी, आपली इमारत छापून आली." दादाने दोनदा वाचला. त्याला पहिला अर्धा कळला नाही, मला शेवटचा. तेव्हा आम्हा दोघांना मिळून पूर्ण कळला.

इमारतीचा भाग मला तोंडपाठ झाला आहे. "तळमजल्यावरच्या एका वृद्ध, थकलेल्या बाईंचा वाटा सगळ्या इमारतीने प्रेमाने उचलला. आधुनिक समाज माणसाला सांभाळू शकतो तो असा." वाचून अंगावर काटा आला. मी तो लेख नीट कापला आणि जिन्यातल्या फळ्यावर लावला, जिथे पाण्याच्या नोटिसा लावतो तिथे. येता जाता प्रत्येकाला दिसावा म्हणून वरच्या बाजूला. नर्सबाईने थांबून वाचला आणि म्हणाली, "तुमची नणंद आहे होय? छान लिहिते. पण आमच्या जिन्यातला बल्ब गेलाय तेही लिहायला सांगा."

काकू बरेच दिवस दिसल्या नाहीत. दार बंद असतं, आतून कात्रीचा आवाज येतो. जिन्यात समोरासमोर आलो तर भिंतीला चिकटून वाट देतात, जसं काही मी सामान घेऊन चढते आहे. अंगात कणकण असेल. हवा बदलते आहे.

तू मोठी झालीस याचा मला आनंद आहे. तुझ्या परीक्षेच्या वेळी मी तुला उठवायचे ते दिवस आठवले.

वहिनी


१८ मार्च

प्रिय वहिनी,

घाईत लिहिते. लेखाला खूप उत्तरं आली. एका संस्थेने व्याख्यानाला बोलावलं आहे. पुस्तकातलं शेवटचं प्रकरण आता याच उदाहरणावर उभं करायचं असं ठरवलं आहे. प्रकाशकही खूश आहेत.

फळ्यावर लावलास हे वाचून हसू आलं आणि बरंही वाटलं. काकूंनी वाचला का? त्यांना काय वाटलं ते जरूर कळव, तेही घेता येईल.

धाकटी


२ एप्रिल

धाकटे,

काय वाटलं ते कळव म्हणालीस. कळवते. तुला घेता येईल का ते मला माहीत नाही.

लेख फळ्यावरून गेला. फाडला नव्हता, चारही टाचण्या काढून पुन्हा फळ्यावर ओळीत टोचून ठेवल्या होत्या. मला वाटलं वाऱ्याने गेला. वारा टाचण्या ओळीत लावत नाही हे लक्षात यायला माझ्यासारखीला दोन दिवस लागले. मग टपालवाले म्हणाले, काकू जाताहेत. पुतण्याकडे, कायमच्या. महिना संपला की. पुतण्याचा टेम्पो आहे, त्यातच सामान जाईल.

मी खाली गेले. काकू खिडकीशी कोट घेऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, "काकू, जाताय म्हणे?"

"कुणी सांगितलं?"

"टपालवाले म्हणाले."

"त्यांची दुसऱ्यांची पत्रं वाचायची सवय अजून गेली नाही वाटतं."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. मी म्हटलं, "इतक्या वर्षांची जागा सोडून? काही कमी पडलं का? सांगायचं होतं."

त्यांनी दोरा दातांनी तोडला. म्हणाल्या, "वहिनी, तो कंपनीचा माणूस येतो. वरून जिना पुसत येतो आणि उरलेलं घाण पाणी माझ्या उंबऱ्यापाशी सोडून जातो. वरच्या मजल्यावर त्याने कोपरा सोडला तर नर्सबाई ओरडते. गॅरेजवाल्याची बायको तर त्याला परत बोलावून पुसायला लावते. मी कोणत्या तोंडाने ओरडू? फुकटातली बाई मी."

"असं कुणी म्हणालं तुम्हाला?"

"म्हणायला कशाला पाहिजे? तुम्ही भिंतीला लावलंत की."

"त्यात तुमचं नाव कुठे होतं, काकू?"

"तळमजल्यावर म्हाताऱ्या किती आहेत आपल्या?" मग कोट बाजूला ठेवून म्हणाल्या, "म्हातारी आहे, मान्य. पण थकलेली कोण? तुम्हाला कधी म्हटलं मी, मी थकले? माझी पाळी चुकली कधी? विचारलंत मला बैठकीत काय ठरवायचं ते? मी कोट पोचवून येईपर्यंत थांबवेना तुम्हाला?"

 मी म्हटलं, "चांगल्या मनाने केलं हो."

"ते दिसलंच," त्या म्हणाल्या. "टाळ्या जिन्यापर्यंत आल्या होत्या. मी तेव्हाच परत आले होते, तुमच्या दाराबाहेर चपला काढत होते."

धाकटे, त्या बाहेर होत्या. आम्ही टाळ्या वाजवत होतो आणि त्या बाहेर चपला काढत होत्या. आत आल्या असत्या तर त्यांना आमचे आभार मानावे लागले असते, म्हणून त्या आत आल्या नाहीत. संध्याकाळी मी सांगायला गेले तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. आणि मी तुला लिहिलं, गहिवरल्या असतील.

देवापुढे बसते. जप चालू असतो आणि मधेच त्यांचा चेहरा येतो. पुढे सरकत नाही.

"थकलेल्या" हा शब्द मी लिहिला नव्हता. तुझ्यावर ढकलते आहे असं समजू नकोस. पण लिहिला नव्हता.

वहिनी


९ एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी रागाने एक उत्तर लिहिलं आणि फाडलं. त्यात लिहिलं होतं की लेखातलं उदाहरण हे उदाहरण असतं, ती बाई म्हणजे काकू नव्हेत. आणि एखाद्याला मदत घेण्याची लाज वाटते हा समाजाचा दोष नाही, त्याच्या मनाचा आहे. चांगलं लिहिलं होतं. मग तुझं जानेवारीतलं पत्र शोधलं, "थकलेल्या" तूच लिहिलंस हे दाखवायला. नव्हतं. तो शब्द माझा. त्याने वाक्याला तोल आला म्हणून घातला.

आणि त्याच पत्रात दुसरं सापडलं. तुझ्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनी तुझी पाळी केली, न सांगता. ते मी वाचलं होतं, वहिनी. लेखाच्या पहिल्या खर्ड्यात घेतलंही होतं. पण मग वाचणाऱ्याला प्रश्न पडला असता की कोण कुणाला सांभाळतंय. उदाहरण बिघडत होतं. म्हणून गाळलं.

मी मुलांना शिकवते की माणूस समाजात नुसता पोसला जाऊन घरी असत नाही. त्याच्या हातून काही व्हावं लागतं, आणि ते झालं असं चारचौघांनी धरावं लागतं. हे मी शिकवते. परीक्षेत विचारते. आणि ते ज्या एका माणसाबाबतीत समोर आलं, तिथे मी ते कापून टाकलं.

सोबत पैसे पाठवते आहे. काकूंची वर्षाची वर्गणी त्यात येईल. त्यांच्या नावाने जमा करून टाक. त्यांना सांगू नकोस, पुढच्या बैठकीत नुसतं सांग की काकूंची वर्गणी आली आहे. म्हणजे त्यांना ओरडता येईल.

आणि हे दुसरं पाकीट काकूंसाठी. त्यांची क्षमा मागितली आहे. चिकटवलं नाही. तू वाचून, योग्य वाटलं तर दे.

धाकटी


१७ एप्रिल

धाकटे,

पैसे परत पाठवते आहे. टपालखर्च तुझ्याकडून वसूल करीन.

हे तुझ्या आधी मलाच सुचलं होतं. घरखर्चातून वाचवलेलं माझ्याकडे आहे, दादालाही कळलं नसतं. मी वही उघडून बसलेसुद्धा. पण काकूंच्या नावापुढे "जमा" लिहायचं म्हणजे खोटं लिहायचं, आणि माझ्या हातून ते होईना. देवाची भीती म्हण. शिवाय पहिल्यांदा त्यांना न विचारता सूट दिली, आता न विचारता सूट काढून घ्यायची. दोन्ही वेळा त्या आपल्या दाराबाहेरच चपला काढत उभ्या.

मग मी दुसरं केलं. म्हटलं, पाळी परत सुरू करू. बैठक बोलावली. मोठ्या उत्साहाने सांगितलं, कंपनी बंद करू, आपला जिना आपण झाडू.

नर्सबाई म्हणाली, "वहिनी, मी ड्युटीवरून येते तेव्हा माझे पाय माझे नसतात. जिना झाडायला लावणार असाल तर काकू राहू देत, मीच जाते त्यांच्या पुतण्याकडे."

सगळे हसले. मग ती नवी नवरी, जी कधी बोलत नाही, ती म्हणाली, "आम्ही दिवसभर राबून पैसे देतो. तो आमचा वाटा नाही का? झाडू हातात धरला तरच वाटा?"

 तिचंही खरं होतं. नर्सबाईचंही खरं. काकूंचंही. कुणीतरी चुकीचं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. गॅरेजवाले म्हणाले, "म्हातारीच्या एका रुसव्यासाठी सगळ्या इमारतीने मागे जायचं?" मला राग आला, पण मागे जाता येणार नाही हे मलाही दिसत होतं. काकू बैठकीला आल्याच नाहीत. वर्गणी न देणाऱ्याने कसं यावं, असं त्यांनी धरलं असणार.

तुझं पाकीट मी वाचलं. तू वाच म्हणाली होतीस. चांगलं लिहिलं आहेस, जरा लांब आहे. नेऊन दिलं. त्यांनी चष्मा लावला, पाकीट उलटंसुलटं केलं आणि म्हणाल्या, "उघडंच आहे." मी म्हटलं, "हो." त्यांनी दार लावलं.

महिना अर्धा संपला. खोलीबाहेर दोन खोकी आली आहेत.

वहिनी


२२ एप्रिल

बाईंना,

तुमचं पत्र मिळालं. उघडं होतं. तुमच्या वहिनीने वाचलं असणार. वाचू दे, तिने लिहा म्हणून सांगितलंही असेल.

तुम्ही माफी मागता. ती मी ठेवून घेतली आहे. दिली असं मात्र समजू नका. मला राग आला आहे आणि तो मला काही दिवस ठेवायचा आहे. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही लगेच सगळ्याचा अर्थ लावता. मला वेळ लागतो.

इमारत मला सांभाळते असं तुम्ही छापलंत. मी काय पिंजऱ्यातला पोपट आहे? मी एकटी राहते म्हणून कुणी सांभाळायला हवं असं नाही. मला इतरांसारखं धरा. इतरांवर चिडता तसं माझ्यावर चिडा. सूट मिळाल्यापासून कुणी माझ्यावर चिडत नाही. गॅरेजवाला मी दिसले की गाडीचा हॉर्नसुद्धा वाजवत नाही. पूर्वी वाजवायचा.

पुतण्या चांगला आहे. त्याची बायकोही चांगली आहे. ती म्हणते, तुम्ही आता बसून राहायचं. तिथे मी बसून राहीन. इथेही बसून राहणार. जायचं का राहायचं ते अजून मी ठरवते आहे, आणि तेवढं एक माझ्याकडे आहे, ते कुणी माझ्याबद्दल लिहून ठरवू नये.

तुमच्या पुस्तकातून मला काढा असं मी म्हणत नाही. काढलंत तरी मी काढा म्हटलं असं लिहू नका.

अक्षर वाईट आहे, सुईची बोटं आहेत.

तळमजला


३० एप्रिल

वहिनी,

काकूंचं पत्र आलं. तुला पाठवत नाही. तू रागावशील, पण यावेळी पाकीट बंद होतं.

वर्तमानपत्राला लिहिलं, दुरुस्ती छापा म्हणून. संपादक सज्जन आहेत. म्हणाले, दुरुस्ती वस्तुस्थितीची छापतो, तुमच्या लेखात चुकीची वस्तुस्थिती कोणती? मी खूप वेळ विचार केला. वर्गणी माफ झाली, खरं. प्रेमाने, तेही खरं. वृद्ध, खरं. "थकलेल्या" या एका शब्दासाठी कोण जागा देणार? प्रत्येक वाक्य खरं होतं आणि लेख खोटा होता. असं कसं होतं हे मी अजून कुणाला शिकवू शकणार नाही.

शेवटचं प्रकरण काढून ठेवलं आहे. प्रकाशक नाराज आहेत. त्या जागी काय लिहायचं ते मला माहीत नाही. काकूंचं पत्रच तिथे ठेवावं असं एकदा मनात आलं. लगेच स्वतःची लाज वाटली. दुसऱ्यांदा तेच करायला निघाले होते.

परवा शेजारच्या दारावरची पाटी वाचायला थांबले. तेवढ्यात दार उघडलं. बाई म्हणाल्या, "काय हवंय?" मी "काही नाही" म्हणून जिना उतरले, मला वर जायचं होतं तरी.

काकू राहिल्या का? मला विचारायचा हक्क नाही, पण विचारते.

धाकटी


१४ मे

धाकटे,

खोकी परत आत गेली. पण ते कसं झालं ते आधी ऐक, मग आनंद मान. मला तो अजून नीट मानता येत नाही.

टेम्पो यायच्या आदल्या रविवारी वार्षिक बैठक होती, तळमजल्याच्या बोळात, खुर्च्या मांडून. काकू आल्या. स्वतःचं स्टूल घेऊन आल्या आणि सगळ्यांच्या पुढे बसल्या. टपालवाले गडबडले, म्हणाले, "या काकू, या, बरं झालं आलात." काकू म्हणाल्या, "बरं की वाईट ते नंतर ठरवा." उठून त्यांनी माझ्यापुढे एक पाकीट ठेवलं. "माझी वर्गणी. कंपनी लागल्यापासूनची. मोजून घ्या. सूट मला नको, लिहून घ्या."

मी मोजली. बरोबर होती. कुठून आणली ते विचारण्याची माझी हिंमत झाली नाही. आता कळतं आहे. रोज सकाळी त्यांच्या खिडकीतून रेडिओ ऐकू यायचा, तो गेले काही दिवस येत नाही.

मला वाटलं, संपलं. पण त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या, "अजून एक आहे. वर्गणी दिली म्हणजे मला बोलता येतं ना? तर इमारतीचा हिशेब वहिनींकडे नको."

कुणालाच कळेना. टपालवाले म्हणाले, "काकू, असं काय बोलता? वहिनींनी इतकी वर्षं एका पैशाची गडबड केली नाही."

"पैशाचं मी बोलतच नाही. पैसा चोख आहे. पण माणूस बाहेर असताना त्याच्याबद्दल ठरवलं आणि टाळ्या वाजवल्या. ज्याच्या हातात वही असते त्याने कुणाच्याही नावापुढे काहीही लिहायचं, त्याला न विचारता? उद्या दुसऱ्या कुणाच्या नावापुढे लिहितील. चांगल्या मनानेच लिहितील. मत घ्या."

गॅरेजवाले पुटपुटले, "एवढं केलं त्याचं हे फळ." काकूंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. टपालवाले खालच्या आवाजात म्हणाले, "ज्यांना वहिनींनी हिशेब सोडावा असं वाटतं त्यांनी हात वर करा."

काकूंचा एकटीचा हात वर. बाकी सगळे जमिनीकडे बघत होते. दादा छताकडे. नर्सबाई माझ्याकडे बघून मान हलवत होती, नाही, नाही, घाबरू नका. सगळे माझ्या बाजूचे होते, धाकटे. इतकी माणसं माझ्या बाजूने कधीच नव्हती. आणि तो एक म्हातारा हात तसाच वर होता, खाली येईना.

माझा हात उचलला गेला. लगेच मनात आलं, आता सगळे म्हणतील, केवढं मोठं मन. तेव्हा खाली घेतला. असं मोठं मन मी एकदा दाखवून बसले आहे, त्या टाळ्यांच्या दिवशी, उभी राहून. मग स्वतःला विचारलं, मन मोठं दिसो नाहीतर छोटं, काकू म्हणतात ते खरं आहे की नाही? खरं होतं. मग वर केला.

दादाने माझ्याकडे पाहिलं, आणि त्यानेही केला. मग नव्या नवरीने. मग बाकीच्यांनी, एकेकाने, नाइलाजाने. नर्सबाईने शेवटपर्यंत केला नाही.

वही मी त्याच दिवशी गॅरेजवाल्यांच्या बायकोकडे दिली. हलकं वाटलं असं लिहिलं तर खोटं होईल. आपल्या घरात मला कुणी काही विचारून करत नाही, पण इमारतीत विचारत. वहिनी, जमेल का? वहिनी, परवडेल का? मॅट्रिक झालेल्या बाईला तेवढंच एक होतं. आता दुपारी काय करावं कळत नाही. घरचा हिशेब तीनतीनदा तपासते. आणि त्यात असं वाटतं, काकूंची पाळी गेली तेव्हा त्यांनाही दुपारी असंच झालं असेल. त्यांच्याकडून मी काय घेतलं होतं ते माझ्याकडून कुणी घेतलं तेव्हा मला कळलं. एवढ्या प्रार्थना करून ते आधी कळायला हवं होतं.

त्या माझ्याशी बोलत नाहीत. मीही जाऊन पुन्हा क्षमा मागत नाही. मागितली की त्यांना द्यावी लागेल किंवा नाकारावी लागेल, दोन्ही त्यांच्याच माथी.

काल भाजी घेऊन येत होते तर खालच्या बोळात आरडाओरडा. काकू उंबऱ्यात उभ्या राहून कंपनीच्या माणसाला झापत होत्या. "हे पाणी कुणाच्या दारात सोडतोस? पैसे काय तू देतोस? उचल आधी, उचल!" तो बिचारा फडकं घेऊन वाकला होता. मला बघून त्या भिंतीला सरकल्या नाहीत. आवाजही खाली आणला नाही. जिन्याच्या मधोमध उभ्या होत्या, त्यामुळे यावेळी मीच पिशवी पोटाशी धरली आणि अंग चोरून, भिंतीला घासत वर गेले.

तुझ्या शेजारणीने काय हवंय विचारलं तर पळू नकोस. काही नको असं म्हण आणि तिथेच उभी राहा.

दादाचा आशीर्वाद. माझाही, पण तो आता जरा कमी भरवशाचा धर.

वहिनी